बाटलीच्या गळ्यातला दोरा

१

फाइलमध्ये दहा नंबरचा कागद होता, बारा नंबरचा होता. अकरा नंबरचा नव्हता.

टॅगमध्ये त्याचा फक्त कोपरा अडकून राहिला होता. नखाएवढा, गुलाबी. कोणीतरी घाईने ओढून काढला होता. तो तुकडा मी खिशात टाकला.

या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी एकतीस वर्षं काचा धुतल्या. सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झालो. तिथला पिवळा कागद म्हणजे स्लाइडचा रिपोर्ट, गुलाबी म्हणजे प्लेटचा. प्लेट म्हणजे जंतूंचं शेत. त्यावर बेडका नाहीतर पू पसरायचा, प्लेट उबेच्या कपाटात ठेवायची आणि काय उगवतं ते बघायचं. म्हणजे माझ्या बहिणीच्या बेडक्यातून काहीतरी उगवलं होतं, कोणीतरी ते लिहिलं होतं आणि कोणीतरी ते फाडलं होतं.

बहीण समोर पलंगावर होती. तिला आम्ही सगळे धाकटी म्हणतो. पन्नाशी ओलांडली तरी धाकटीच. पाच महिने टीबीच्या गोळ्या चालू, तरी खोकला तसाच, अंगावरचं मांस गेलेलं. आदल्या दिवशी तिला झटका आला. डोक्याचा स्कॅन काढला, तर आत तीन गाठी.

छातीचे डॉक्टर आले. चाळिशीचा माणूस, कायम बस सुटत असल्यासारखा.

"टीबी डोक्यात गेलाय," ते म्हणाले. "गोळ्या चुकवल्या की असंच होतं."

"एकही चुकवली नाही," धाकटी म्हणाली. झटक्यानंतर तिची जीभ जड झाली होती, पण नखरा गेला नव्हता. "दादा, सांग यांना. मी गॅस बंद करायला विसरते, गोळी नाही."

तिने उशाखालून पत्र्याचा डबा काढला. आत गोळ्यांची रिकामी पाकिटं, एकावर एक रचलेली, प्रत्येकावर पेनाने तारीख.

डॉक्टरांनी डब्यात डोकावूनसुद्धा पाहिलं नाही. "रिकामं पाकीट म्हणजे गोळी पोटात गेलीच असं नाही, बाई. कचऱ्याच्या डब्यातही जाते."

त्यांनी फाइल ओढून लिहिलं, आणि ते मी उलट्या बाजूने वाचलं: रुग्णाने औषधे नियमित घेतली नाहीत.

"उद्या दुपारी बारापासून टीबीची मोठी औषधं," ते म्हणाले. "आणि डोक्याची सूज उतरायला स्टेरॉइड."

"आणि टीबी नसेल तर?"

"नाना, तुम्ही काचा धुवायचात ना?"

"हो. आणि धुताना कान उघडे असायचे. सांध्यांसाठी स्टेरॉइड ती दोन वर्षं घेतेच आहे. आत दुसरंच काही असेल, तर त्याला आणखी खतपाणी घालणार का तुम्ही?"

"मग सिद्ध करा. मेंदूचे सर्जन गाठीतला पू काढायला तयार आहेत, पण टीबी असेल तर उगाच कवटीला भोक कशाला? बारापर्यंत काही दाखवलंत, तर बघू."

ते गेले. घड्याळात दहा वाजले होते. माझ्याकडे सव्वीस तास होते.

धाकटी म्हणाली, "दादा, मी काय काम करते ते यांनी पाच महिन्यांत एकदाही विचारलं नाही."

ती रोपवाटिकेत काम करते. कोरडी पानमाती चाळते, दिवसभर, उघड्या नाकाने.

२

लॅबमध्ये चष्मेवाली सूक्ष्मदर्शकावर वाकलेली होती. ही आमची टेक्निशियन, पंधरा वर्षांची जुनी. भिंगाखालून तिच्या नजरेला चकवून काही जात नाही.

"या नाना! करमत नाही वाटतं घरी? वहिनींनी हाकललं?"

"धाकटीचा अकरा नंबरचा कागद कुठाय?"

तिचं हसू जागच्या जागी सुकलं.

"मला विचारू नका."

"बरं, दुसरं विचारतो. पहिली स्लाइड तू पाहिलीस. लाल?"

"लाल. माझ्या डोळ्यांनी पाहिली."

हे समजून घ्या. टीबीच्या तपासणीत स्लाइडला आधी लाल रंग देतात, मग कडक ॲसिडने धुतात. बाकी सगळ्या जंतूंचा रंग उतरतो, टीबीचा जंतू लाल राहतो. लाल दिसलं की टीबी.

"आणि दोन महिन्यांनी दुसरी?"

"एकही लाल नाही. तीही मीच पाहिली. आईची शपथ, नाना, दोन्ही वेळा जे दिसलं तेच लिहिलं."

"म्हणजे दोन महिन्यांत जंतू गेले आणि तरी बाई मरायला टेकली?"

मी रजिस्टर उघडलं. धाकटीच्या पहिल्या नोंदीशेजारी समासात पेन्सिलीने काहीतरी काढून खोडलेलं होतं. कागद तिरका करून उजेडात धरला. पेन्सिल पुसली गेली होती, खाच राहिली होती. टीबीचा जंतू काडीसारखा असतो, सुटी काडी. ही काडी नव्हती. बारीक फांदी होती, फांदीला फाटे.

"हे कोणी काढलं?"

"मी."

"खोडलं कोणी?"

तिने साहेबांच्या, म्हणजे लॅबप्रमुखांच्या, केबिनच्या बंद दाराकडे पाहिलं, आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला. खाली स्लाइड नव्हतीच.

३

मी रंग देण्याच्या सिंकपाशी गेलो. माझी जागा. फळीवर दोन तपकिरी बाटल्या होत्या, एकसारख्या, जुळ्या बहिणींसारख्या.

दोरा नव्हता.

त्या बाटल्यांमध्ये दोन प्रकारचं ॲसिड असतं. डावीकडे कडक, टीबीसाठी. उजवीकडे सौम्य, कुष्ठरोगाच्या स्लाइडसाठी. तो जंतू नाजूक, कडक ॲसिडने त्याचाही रंग उतरतो. लेबलं टिकत नाहीत, ओघळ येतो आणि कागद खाऊन टाकतो. मी कामाला लागलो तेव्हा लेबल असतं तरी मला वाचता आलं नसतं. म्हणून मी सौम्य बाटलीच्या गळ्यात पांढरा दोरा बांधला. पुढे अक्षर शिकलो, तरी दोरा ठेवला. सगळी लॅब त्या दोऱ्यावर चालायची.

माझ्या जागी आलेली बाई काचा पुसत होती. तिला सगळे नवी म्हणतात.

"इथला दोरा?"

"तो काळा मिचकूट? काढून टाकला. आले त्याच दिवशी फळी घासली, बाटल्या घासल्या. साहेब म्हणाले, तपासणीवाले येणारेत, सगळं लखलखीत पाहिजे."

"परत ठेवताना कुठली कुठे ठेवलीस?"

"जशा होत्या तशा." मग तिचा आवाज खाली आला. "म्हणजे... दोन्ही सारख्याच दिसतात ना हो?"

"आणि भरल्यास कधी?"

"डावीकडची संपली आठ-नऊ दिवसांनी. ती मोठ्या कॅनमधून भरली, कडक असं लिहिलेल्या. चष्मेवाल्या ताईंनीच सांगितलं होतं, डावी म्हणजे कडक. तेव्हापासून संपली की भरते. उजवीकडची फारशी लागत नाही, ती अजून भरावीच लागली नाही."

मी दोन्ही बाटल्या उचलल्या, एक या हातात, एक त्या हातात. दोन्ही सारख्याच भरलेल्या. सौम्य बाटली पाण्यासारखी उचलली जाते, कडक बाटली मनगट खाली ओढते. एकतीस वर्षांत हाताला ते पाठ झालं होतं.

दोन्ही मनगटं सारखीच ओढली गेली.

मी रजिस्टर परत मागितलं. या वेळी कुष्ठरोगाच्या नोंदी काढल्या. दोरा गेल्यापासून पाच महिने. बावन्न स्लाइड.

एकही लाल नव्हती. पाच महिन्यांत एकही नाही.

हे एकट्या धाकटीचं प्रकरण नव्हतं.

४

डॉक्टर कँटीनमध्ये सापडले.

"गुलाबी कागद तुम्ही फाडलात?"

"मी कशाला फाडू? तुमच्या साहेबांचा फोन आला. म्हणाले, चुकीच्या माणसाच्या फाइलला लागलाय, परत पाठवा. मी ओढून काढला आणि पाठवला."

"वाचला होता?"

"रोज साठ रिपोर्ट येतात, नाना."

"म्हणजे नाही."

"पहिली स्लाइड लाल होती! जनुकं तपासायचं यंत्र तीन महिने बंद होतं! मी तरी काय करायचं होतं?"

"वाचायचं होतं," मी म्हणालो. "एक कागद. तिच्या डब्यातली पाकिटं बघायला वेळ नाही, कागद वाचायला वेळ नाही, पण गोळ्या कचऱ्यात टाकल्या म्हणायला आहे! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशालाच विचारायचं, का रे, मान एवढी बारीक कशी?"

शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. बघू देत म्हटलं. डॉक्टरांचे कान लाल झाले. ॲसिडने धुतले असते तरी उतरले नसते.

५

लॅबमध्ये परत आलो, तर चष्मेवाली दारात उभी होती. रडून झालेलं दिसत होतं.

"नवीने बाटल्यांचं सांगितलं," ती म्हणाली. "नाना, मला बाटल्यांचं माहीत नव्हतं, खरंच. मला एवढंच कळत होतं की ते लाल होतं, पण टीबीसारखं नव्हतं."

"मग रिपोर्टवर टीबी कसं लिहिलंस?"

"फॉर्मवर दोनच चौकटी असतात. आहे नाहीतर नाही. फांद्या दिसल्या तर खूण कुठे करायची? लाल होतं, म्हणून 'आहे' वर केली. पण मन खात होतं. म्हणून नियम मोडून साधी प्लेट लावली."

"साध्या प्लेटा तर दुसऱ्या दिवशी फेकतात."

"मी मागे लपवली. दुसऱ्या दिवशी काही नाही, पाचव्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढं. नवव्या दिवशी पांढरं, कोरडं, खडूची भुकटी सांडल्यासारखं. तेच मी गुलाबी कागदावर लिहिलं: नोकार्डिया असण्याची शक्यता, पुन्हा नमुना पाठवा."

"नोकार्डिया." हे नाव मी एकतीस वर्षांत चार वेळा ऐकलं होतं. मातीतला जंतू. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. स्टेरॉइडने अंगातला पहारा ढिला झाला की धुळीबरोबर छातीत शिरतो, तिथून मेंदूत जातो. टीबीचं सोंग उत्तम वठवतो, पण टीबीच्या गोळ्यांनी हटत नाही. त्याला सल्फा लागतं.

"साहेब म्हणाले, प्लेटवर धूळ पडली असेल. फेकायला लावली. माझी पोरगी शिकतेय, नाना, माझी नोकरी..." तिने फ्रिज उघडला आणि बाटल्यांच्या मागून एक नळी काढली. "पण फेकण्याआधी यात थोडं उचलून ठेवलं. दर महिन्याला नव्या नळीत घेते. का, ते मलाच माहीत नाही."

तिने बंद कपाटाच्या काचेमागे बूच सैल केलं. अशा नळीला नाक लावायचं नसतं, आणि लावावंही लागलं नाही. खणलेल्या वाफ्याचा वास आला. धाकटी संध्याकाळी घरी आली की तिच्या पदराला येतो, तो.

"आता काम कर," मी म्हणालो. "रडायचं मागाहून."

धाकटीचा ताजा बेडका मी स्वतः आणला. चष्मेवालीने दोन स्लाइड केल्या, एकाच डबीतून, एकाच लाल रंगाच्या. एक कडक ॲसिडने धुतली. दुसरीसाठी भरपूर पाण्यात थोडं ॲसिड घालून सौम्य केलं. मग जुन्या लाकडी पेटीतून धाकटीची पहिली स्लाइडही काढली. लाल निघालेल्या स्लाइड तिथे जपून ठेवतात.

तिने एकेक भिंगाखाली घातली आणि मला बघायला लावलं.

कडक: काही नाही.

सौम्य: लाल फांद्या, फाट्याला फाटे.

पाच महिन्यांपूर्वीची: त्याच फांद्या.

म्हणजे दोन्ही रिपोर्ट खरे होते. पहिल्या वेळी डावीकडच्या बाटलीत चुकून सौम्य ॲसिड होतं, म्हणून नोकार्डिया लाल राहिला आणि टीबी ठरला. दुसऱ्या वेळी बाटलीत खरं कडक भरलेलं होतं, म्हणून रंग उतरला आणि सगळ्यांनी म्हटलं, वा, औषध लागू पडलं! जंतू तेव्हाही तिथेच होता. फक्त दिसत नव्हता.

"आणि साहेबांना बाटलीचं कळलं कसं?" चष्मेवालीने विचारलं.

"तुझ्या कागदामुळेच. नोकार्डिया कडक ॲसिडला टिकायला नको होता. मग लाल का दिसला? ज्याला एवढं कळतं, तो दुसऱ्या मिनिटाला बाटलीपाशी जातो."

६

साहेबांनी मला खुर्ची दिली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

"बसा नाना. चहा सांगू?"

मी तीन स्लाइड आणि नळी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी हात लावला नाही. माणूस निर्दोष असता, तर आधी विचारलं असतं, हे काय आहे.

"कागद कुठाय?"

"नाना, तुम्ही घरच्यासारखे. समजून घ्या. त्याच महिन्यात तपासणी होती. बाटलीची चूक बाहेर आली असती तर लॅब बंद झाली असती. मग या सगळ्या लोकांनी तपासणीला कुठे जायचं? झाकली मूठ..."

"मूठ झाकलेली होती म्हणून उजवीकडच्या बाटलीकडे पाहिलंच नाहीत?"

त्यांनी टेबलावरची फाइल उगाच सरळ केली.

"तुम्ही डावीकडची तपासली. तिच्यात तोवर नवीने कडक भरलं होतं. तुम्हाला वाटलं, चला, आपोआप निस्तरलं. उजवीकडे हात लावला नाहीत. त्यातही कडकच आहे, साहेब. बावन्न माणसांना तुम्ही कुष्ठरोग नाही म्हणून घरी पाठवलंत."

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. मला त्यांची कीव आली नाही.

"हे फार दुर्मिळ आहे हो, नाना," ते पुटपुटले. "तुमच्या बहिणीचं. हजारात एखादी केस नाही."

"हजारातली ती एक मी खांद्यावर बसवून फिरवलीय," मी म्हणालो. "पाच महिने ती चुकीच्या गोळ्या गिळून ओकतेय, पुन्हा गिळतेय, पाकिटावर तारीख लिहितेय. आणि तुमच्या लखलखीत फळीसाठी तिला खोटारडी ठरवलं. कागद काढा."

त्यांनी खणाचं कुलूप उघडलं. फेकला नव्हता. अशी माणसं फेकतही नाहीत. फेकायलासुद्धा थोडी हिंमत लागते.

गुलाबी कागद. एक कोपरा फाटलेला. मी खिशातून तो नखाएवढा तुकडा काढला आणि लावून पाहिला. बरोबर बसला.

७

दुसऱ्या दिवशी अकराला सर्जननी धाकटीच्या डोक्यातल्या मोठ्या गाठीतला पू काढला. चष्मेवालीने तिथेच उभं राहून नमुना घेतला. पुन्हा त्याच फांद्या. बारा वाजता टीबीच्या औषधांच्या जागी सल्फाची बाटली टांगली गेली, जोडीला आणखी एक इंजेक्शन. सांध्यांची स्टेरॉइड हळूहळू कमी करायची ठरली. निदान वर्षभर औषध, सर्जननी बजावलं. मध्ये थांबलात तर परत येईल.

"मी नाही थांबत," धाकटी म्हणाली. "विचारा माझ्या डब्याला."

दहाव्या दिवशी ती उठून बसली. तेव्हा छातीचे डॉक्टर आले. या वेळी बस सुटत नव्हती. ते डब्यापाशी बसले, एकेक पाकीट काढून तारखा पाहत राहिले. बराच वेळ लागला. मग त्यांनी फाइल उघडली, पेन काढलं आणि ती ओळ खोडायला लागले.

"खोडू नका," धाकटी म्हणाली.

"अहो, चुकीचं लिहिलंय मी."

"म्हणूनच. खोडलं की काही झालंच नव्हतं असं होईल. ते राहू दे तिथे. खाली लिहा, खोटं होतं म्हणून. आणि सही करा."

त्यांनी लिहिलं. सही केली. मी दोनदा वाचून घेतलं.

साहेबांची चौकशी लागली. चालेल ती चालेल तशी. मी तिची वाट पाहिली नाही. नवीने बाटलीच्या गळ्यात स्वतःच्या हाताने दोरा बांधला, दोन गाठी मारून. मग चष्मेवाली रजिस्टरमधून वाचत गेली आणि मी उतरवत गेलो. सौम्य बाटलीच्या त्या नऊ दिवसांत लाल निघालेली चौदा माणसं. त्यांतल्या बऱ्याच जणांना खरंच टीबी असेल. कोणाला नाही, हे पुन्हा तपासल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि ती बावन्न. एकूण सहासष्ट नावं, सहासष्ट पत्ते. माझं अक्षर मोठं आहे, वहीची अकरा पानं लागली.

पहिलं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडलं एका बाईने. गालाची हाडं वर आलेली, हातात पाण्याचा पेला. मागे टेबलावर गोळ्यांचं अर्धं संपलेलं पाकीट.

"मी हॉस्पिटलच्या लॅबमधून आलोय," मी म्हणालो.

तिने पेला घट्ट धरला.

"आता काय चुकलं आमचं?"

"तुमचं नाही," मी म्हणालो. "आत येऊ का?"